गिअरबॉक्स नसलेली गाडी

गहू निवडायला मी समा भागात जायला लागले ते आईच्या दम्यामुळे. एरवी ते काम तिचं. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची बडोद्यात पद्धत, घर गुजराती असो की मराठी. गव्हाची पोती यायची, गहू चाळायचा, निवडायचा, एरंडेल चोळायचं आणि पत्र्याच्या कोठीत भरायचा. हात कोपरापर्यंत तेलकट, नाकात कोंडा, आणि संध्याकाळी मान वळत नाही. आईला तो कोंडा सोसेनासा झाला तेव्हा तिची सगळी घरं माझ्याकडे आली. त्यांतलं एक घर बांचं, एका गुजराती म्हातारीचं. बा पूर्वी प्रतापनगरला आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या चाळीत राहायच्या, आईची ओळख तेव्हाची. पुढे त्यांच्या मुलानं, किरीटभाईंनी, अमेरिकेत राहून समाला सोसायटीत घर घेतलं आणि बा तिकडे गेल्या. पण गहू निवडायला त्यांना आमच्याच घरचे हात लागायचे. सोसायटीतल्या बायका गव्हात खडे तसेच ठेवतात असं त्यांचं म्हणणं होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा लांब होती आणि घरात कामाला कोणी नव्हतं. त्याचं मला तेव्हाही फार वाटलं नाही. आता हे लिहिताना एखादं जोडाक्षर अडलं की नातीला विचारते. ती फोनमधून डोकं वर न काढता सांगते, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगते.

त्या उन्हाळ्यात किरीटभाई नुकतेच कायमचे परत आले होते. गच्च्यांवरून केबलच्या तारा ओढल्या जात होत्या, रस्त्यावर नव्या नव्या मोटारी दिसायला लागल्या होत्या, जो तो तिकडे जायच्या गोष्टी करत होता, आणि हा माणूस आईसाठी इकडे आला म्हणून सोसायटीला नवल वाटत होतं. चाळिशीचे, पुढे टक्कल, घरात अर्ध्या चड्डीत वावरायचे. त्याची बांना लाज वाटायची. मी गेले तेव्हा ते वर काहीतरी खोके उचकत होते. बांनी मला मागच्या खोलीतली कोठी दाखवली. "ती मोठी खोल, मंगला. जुने घऊं किती राहिले, बघ जरा."

मी झाकण काढलं, हात आत घातला आणि बाहेर काढला. आत टोचत होतं. गव्हात हात जातो तेव्हा गार लागतं, हे कोरडं आणि हलकं होतं. मी सुपात ओंजळभर घेऊन उजेडात आले. प्लास्टिकचे तुकडे. पांढरे, राखाडी, काळे, काही चांदी चढवलेले, काही अजून काडीला लटकलेले, चिंचा लटकतात तसे.

"बा, ह्यात गहू नाहीत."

"तो शुं छे?"

"मला काय माहीत. कंगवे मोडून ठेवल्यासारखं दिसतंय."

बांनी कपाळाला हात लावला. "अरे, ए तो किरीटना रमकडां! माझ्या ध्यानातच नाही राहिलं." रमकडां म्हणजे खेळणी. मग त्यांनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. किरीटभाईंनी तिकडून पूर्वीच खोकी पाठवून ठेवली होती. खोक्यांना ओल आली, वाळवी लागली. बांनी सगळे पुठ्ठे आणि आतले कागद पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, दिले आणि आतला माल वाया जाऊ नये म्हणून एका कोठीत ओतून ठेवला. "एक पण टुकडो फेंक्यो नथी," असं त्या म्हणत होत्या तेवढ्यात किरीटभाई जिना उतरून खाली आले. त्यांनी सुपाकडे पाहिलं, कोठीकडे पाहिलं आणि जमिनीवर बसले. बा त्यांना म्हणाल्या, "कडुलिंबाचा पाला पण घातलाय, कीड नाही लागायची."

तोवर माझे हात चालूच होते. सूप हातात असलं की माझ्याच्यानं स्वस्थ बसवत नाही, अजूनही नाही. सगळं पांढरं एकसारखं पांढरं नसतं. जुन्या तांदळाचा पांढरा वेगळा, नव्याचा वेगळा. ह्यातही काही पांढरे पिवळटलेले होते, काही निळसर. मी ते वेगळे केले. मग जोड्या लावल्या, कारण बरेच तुकडे वालाच्या डाळिंबीच्या दोन फाकांसारखे एकमेकांना बसत होते. किरीटभाईंचं लक्ष गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कसं केलंस?"

"निवडलं."

ते हसले. त्या दिवसापासून माझं गव्हाचं काम संपलं आणि हे सुरू झालं.

त्या मोटारी काय होत्या ते सांगते. अमेरिकेत फार पूर्वी एक शर्यत व्हायची, बहुतेक अजून होते. सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, पाव मैल पळायचं आणि संपलं. वळायचं नाही, परत फिरायचं नाही. त्यासाठी बांधलेल्या गाड्या लांबलचक आणि हडकुळ्या, पुढे सायकलीसारखी बारीक चाकं, मागे रोलरसारखी जाड, आणि बसणारा माणूस थेट मागच्या चाकांच्या मधे. त्यांचे लहान नमुने प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचे. कसे जोडायचे ते कागद तर रद्दीत गेलेले. हेही जुने, बाजारात न मिळणारे. किरीटभाई तिकडे मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला होते, त्यांना हा नाद तिथे लागला. नीट जोडलेल्या गाड्या हव्या असणारे त्यांचे तिकडचे ओळखीचे लोक होते. ते लोक म्हणे रंग बघत नाहीत, गाडी उलटी करून पोट बघतात. इंजिनाची ताकद चाकापर्यंत ज्या भागांतून जाते ते भाग खऱ्या गाडीत होते तसे, त्याच ओळीनं हवेत. आणि नेमके तेच भाग कोठीत सगळ्यांत जास्त मिसळलेले, कारण एकेका खोक्यात रस्त्यावरच्या साध्या मोटारीचेही भाग जास्तीचे दिलेले असायचे.

बांच्या घरी दुपारी मुठिया आणि ताक मिळायचं. पाय पसरून बसायला पंख्याखाली जागा होती. पण कोठी मोठी आणि दिवस अपुरा, म्हणून मी तुपाच्या रिकाम्या डब्यात थोडे तुकडे घालून घरी आणायला लागले.

आमच्या घरात दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. रेल्वे वर्कशॉपचा भोंगा झाला की थोड्या वेळात अप्पांच्या सायकलचा आवाज यायचा, मागचं मडगार्ड खडखडायचं. अप्पा म्हणजे माझे वडील, वर्कशॉपमध्ये फिटर. छोट्या लाइनच्या, नॅरोगेजच्या, इंजिनांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. आल्यावर साबण आणि लाकडाचा भुसा घेऊन मोरीत हात घासायचे, ते आवाज माझ्या कानात अजून आहेत. मग बशीतून चहा. मग गप्प. भांडकुदळ नव्हते, प्यायचे नाहीत, हात उचलायचे नाहीत. बोलायचेच नाहीत. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे पाणी दे आणि दार लोटून घे. आई म्हणायची, मुलगा असता तर बोलले असते. असेलही.

तर एका संध्याकाळी मी चटईवर ताट घेऊन तुकडे लावत होते. आई चुलीवर वांगी भाजत होती, भरताचा वास घरभर होता. अप्पा माझ्या मागून गेले, थांबले.

"उलटं धरलंयस."

"काय?"

"ते. तेल खाली राहतं. ते तोंड वर."

आणि ते खाली बसले. गुडघा धरून, सावकाश. हातातला तुकडा घेऊन खिडकीकडे धरला. तो मागच्या आसावरचा गोळा होता, ज्याच्या आत दांड्याचं फिरणं दोन्ही चाकांना वाटलं जातं. मी तसे तीन-चार काढून ठेवले होते. अप्पांनी एक उचलून बाजूला टाकला.

"हा खोटा."

"खोटा कसा? त्याच्यासारखाच आहे."

"उघडणार कुठून? बोल्ट दाखव मला. नाहीत. तेल कुठून भरणार? भोक नाही. जो भाग उघडता येत नाही तो माणसानं बांधलेला नाही, नुसता ओतलाय. टाक."

एका दमात एवढं बोललेले अप्पा मी कधी पाहिले नव्हते. आईनं चुलीवरून मान वळवून पाहिलं. वांगं एका बाजूनं करपलं त्या दिवशी.

त्यानंतर रोज. भोंगा, सायकल, भुसा, चहा, आणि मग चटई. त्यांनी मला क्लचचं घर ओळखायला शिकवलं, ते मागून घंटेसारखं पसरट असतं. दांड्याच्या टोकाचा सांधा कसा दिसतो ते दाखवलं. चांदी चढवलेले भाग आम्ही कपडे धुवायच्या ब्लीचमध्ये घालून उघडे केले, कारण अप्पा म्हणाले, आसाला चांदी कोण चढवतं, देवाचा आहे का? आई फणकारायची, "बापलेक मोटारी खेळतायत आणि भाकरी थापायला मी. लग्नाची पोर आहे, कुणी बघितलं तर म्हणेल हिला काय झालंय." अप्पा म्हणायचे, "कळण्याची कर, मिरची जास्त घाल." आणि पुन्हा तुकड्यात डोकं.

मला मोटारींचं वेड अजिबात नव्हतं. आजही नाही. दारात कुठली गाडी उभी आहे हे मला सांगता येणार नाही. मला अप्पा बोलतात ते ऐकायचं होतं, आणि ते त्या तुकड्यांशिवाय बोलत नव्हते. इकडे आईनं माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली होती. कोठी अर्धी व्हायच्या आधी लग्न ठरलं तर हे सगळं संपणार, हे मला कळत होतं. म्हणून मी रोज डब्यात थोडेच तुकडे आणायचे.

मग गिअरबॉक्स आला. म्हणजे गिअरबॉक्स कोठीत भरपूर होते आणि अप्पांनी प्रत्येक इंजिनामागे एक लावायचा ठरवला. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, दांडा, मागचा आस. पण सगळं ओळीनं लावलं की ते सांगाड्यात मावेना. बसणाऱ्या माणसाला जागाच उरत नव्हती. मी म्हटलं, "अप्पा, गिअरबॉक्स काढला की बरोब्बर बसतं." ते म्हणाले, "काढला की जागेवरून सुटणार कशी? अडलेलं वजन हलवायला गिअर लागतोच. सांगाडा चुकीचा आहे. घास." मग कानशीनं घासून, दांडा कापून त्यांनी एक गाडी बसवली. गोंद वाळेपर्यंत बोटानं दाबून बसले होते. बसवल्यावर त्यांनी ती चार बोटांवर तोलून पाहिली आणि मला म्हणाले, "ने उद्या. दाखव."

मी दाखवली. किरीटभाई हसले. वाईट हसणं नव्हतं ते, आवडलं म्हणून हसले. बासुद्धा हसल्या, का ते त्यांना माहीत नव्हतं. मग किरीटभाईंनी एका जुन्या मासिकातलं चित्र दाखवलं. माणूस मागच्या आसावर घोड्यावर बसावं तसा दोन्हीकडे पाय टाकून बसलेला, त्याच्या पुढ्यात लगेच इंजिन, आणि मधे क्लच आणि वीतभर दांडा. "गिअर नाहीच," ते म्हणाले. "सुरुवातीला मागची चाकं जागेवरच घसरतात. धूर निघतो, रबर जळतं. हळूहळू पकड येते आणि गाडी सुटते. घसरणं हाच त्यांचा गिअर. तुझ्या पप्पांना सांग, चूक त्यांची नाही, असली मोटार शहाणा माणूस बांधणारच नाही."

माझा नातू मला फोनवर त्या गाड्या दाखवतो. आधी नुसता पांढरा धूर दिसतो, मग आवाज, मग काहीच नाही, गाडी गेलेली असते. मी म्हणते पुन्हा लाव. तो म्हणतो, आजी, तुला कशाला गं हे?

संध्याकाळी मी अप्पांना जसंच्या तसं सांगितलं.

"चाक घसरवायला बांधलेली गाडी?" त्यांना खरंच कळेना. "आमच्याकडे चाक घसरलं तर ड्रायव्हरला जाब विचारतात. रुळावर वाळू कशाला सोडतात मग? घसरू नये म्हणून. रूळ खराब, चाक खराब. आणि हे मुद्दाम घसरवतात?"

"लोक टाळ्या वाजवतात म्हणे."

त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "तुझे किरीटभाई हसले?"

"हसले."

मला खोटं बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी बोलले नसते. अप्पा उठले, हात झटकले आणि ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते चटईला वळसा घालून बाहेर गेले. तिसऱ्या दिवशीही. मी ताट मुद्दाम वाटेत मांडायला लागले. ते पाय उचलून ओलांडायचे, तुकड्याला धक्का लागणार नाही एवढी काळजी घेऊन. बाहेर शेजारच्यांचा टीव्ही लागलेला असायचा, त्याच्याकडे पाठ करून बसायचे. आत मी क्लच, दांडा, आस, क्लच, दांडा, आस. माझं काम आता बिनचूक होत होतं, किरीटभाई खूश होते, आणि घरी माझ्याशी पाणी दे आणि दार लोटून घे एवढंच. आधी कधी बोललेच नसते तर बरं, असं मला वाटायचं. पूर्वी आपल्याकडे काय नाही ते मला माहीतच नव्हतं.

त्यातच नंदेसरीचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या रसायनाच्या कारखान्यात. तो, त्याचे वडील आणि आई असे तिघं रविवारी आले. आईनं पोह्यांवर शेव आणि डाळिंबाचे दाणे घातले होते, चहात वेलची. माझा डबा आणि ताट तिनं सकाळीच फळीवर भांड्यांमागे सारलं. मुलाच्या आईनं विचारलं, "शिकली किती?"

"चौथी," मी म्हटलं.

"पण भरतकाम छान करते," आई म्हणाली. मी जन्मात सुईत दोरा ओवून फूल काढलेलं नाही.

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. मुलाचे वडील आमच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. मला कळलं की हे उठणार, आणि आतून मला इतकं हलकं वाटलं की मी पोह्यांचा आणखी एक घास उगाच खाल्ला. तेवढ्यात अप्पा उठले. ते सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते. फळीपाशी गेले, पातेली बाजूला केली आणि मी जोडलेलं एक इंजिन मागच्या आसासकट, अजून सांगाड्यात न बसवलेलं, तळहातावर घेऊन आले.

"भरतकाम नाही येत तिला," ते म्हणाले. "हे येतं."

आईनं पदर तोंडाला लावला.

"हे इंजिन. हा क्लच, हे त्याचं घर. हा दांडा. हा मागचा आस, हे बोल्ट बघा, एकेक दिसतोय. आता तुम्ही म्हणाल, गिअरबॉक्स कुठाय?" कोणीच तसं म्हणालं नव्हतं. "नाहीये. ह्या गाडीला नसतोच. मी जन्मभर इंजिनं उघडली, मी चुकलो. मी सांगाडा घासायला लावला. हिनं आधीच सांगितलं होतं मला की काढा, बरोब्बर बसतं. मी ऐकलं नाही."

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "मग जागेवरून सुटते कशी?"

"चाकं घसरतात!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. "धूर निघतो नुसता. रबर जळतं. लोक टाळ्या वाजवतात, विचारा हिला!" आणि ते हसायला लागले. मुलगा हसला, त्याचे वडील हसले. त्यांनी ते इंजिन हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, मुलाला दिलं. मुलानं ते फार जपून धरलं होतं हे मला दिसलं. मुलाचे वडील म्हणाले, "चौथीला काय घेऊन बसायचं? पोरीच्या हातात कसब आहे." मुलाच्या आईनं कप पुन्हा उचलला. मी अप्पांकडे बघत होते. ते माझं कौतुक करत होते, आणि त्यांच्या एकेका वाक्यासरशी मी त्या घरातून बाहेर जात होते, आणि त्यांना ते कळत नव्हतं. लोक मला म्हणाले, तुझ्या वडिलांनी हुशारी करून स्थळ जमवलं. हुशारी कसली? जे मला सांगायला त्यांची जीभ उचलत नव्हती ते त्यांनी परक्या माणसांना सांगून टाकलं. बस.

चहा दुसऱ्यांदा झाला आणि ठरलं. माणूस वाईट निघाला नाही. कारखान्यातून आला की कपड्यांना उग्र वास असायचा, पण माणूस चांगला होता. तो विषय इथला नाही.

पाहुणे गेले. आईनं आमच्या तोंडात साखर घातली आणि वाटी घेऊन ती शेजारी सांगायला गेली. ऊन अजून ओट्यावर होतं. अप्पांनी स्वतः फळीवरून डबा काढला, चटई अंथरली, ताट मांडलं. बसले. मी उभीच होते. त्यांनी डब्यात बोटं घालून हुडकून हुडकून एक गिअरबॉक्स काढला, तो इंजिनाच्या मागे ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बस. हे बसतं का सांग."

मी बसले. "नाही बसत."

"का नाही?"

तासाभरापूर्वी त्यांनीच ते तिघांना समजावलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, ते हसत नव्हते. मला काहीच माहीत नाही, पहिल्यापासून सांग, असा त्यांचा चेहरा होता. तेव्हा मी इंजिनापासून सुरुवात केली. ते मधेच अडवत होते, मग पुढे काय, हे इथंच का, दांडा एवढा आखूड का. मी सांगत होते. दाराबाहेर आई शेजारणीला नंदेसरीचं सांगत होती, मुलाची नोकरी, घराची दिशा, सासूचा स्वभाव. मी आवाज थोडा चढवला आणि क्लचपासून पुन्हा सांगायला घेतलं.